पाहुण्यांना वायफाय द्यायचं, पण स्पीड बांधून! कसं ते बघा

नाशिककरांना पाहुणे नवीन नाहीत. त्र्यंबक, वणी, शिर्डी करणारे सगळे नातेवाईक मुक्कामाला आपल्याकडेच. त्यात ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. चपला काढल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "वायफायचा पासवर्ड काय रे?"

मग रात्री गंमत होते. मावसभावाने दिवसभर गंगेवर काढलेले व्हिडिओ वायफाय मिळताच आपोआप गूगल फोटोजवर चढायला लागतात. तो घोरत असतो आणि आतल्या खोलीत तुमची ऑफिसची मीटिंग अडकते.

तुम्ही म्हणाल, प्लॅन तर १०० एमबीपीएसचा आहे! पण तो आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. काही प्लॅनमध्ये अपलोड त्याहून बराच कमी मिळतो. आणि अपलोड तुंबला की डाउनलोडही रखडतो, कारण आलेल्या डेटाची पोच उलट पाठवावी लागते आणि ती पोचही त्याच रांगेत अडकते. खालच्या मजल्यावर नळ पूर्ण सोडला की वरच्यांची धार बारीक होते, तसंच हे.

यावर अनेक जण राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करतात. चांगलंच आहे, पण नुसत्या त्याने स्पीड आवरत नाही. पाहुण्यांचे फोन घरातल्या लॅपटॉप-प्रिंटरपासून वेगळे राहतात, एवढंच. (म्हणून काकांचा मोबाईल तुमच्या टीव्हीला जोडला जात नाही, टीव्ही बिघडलेला नसतो.)

स्पीडची मर्यादा वेगळी घालावी लागते. राउटरच्या ॲपमध्ये 'बँडविड्थ कंट्रोल' किंवा 'क्यूओएस' शोधा. १०० चा प्लॅन असेल तर पाहुण्यांना मिळून ३० डाउनलोड द्या. अपलोड मात्र आधी मोजा आणि त्याचा पाव हिस्साच द्या, खरी गोम तिथेच आहे. ३० म्हणजे कंजुषी नाही. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात.

एक सांभाळा. काही राउटर हा आकडा केबीपीएसमध्ये मागतात. तिथे ३० नाही, ३०००० टाकायचे. नाहीतर पाहुण्यांना व्हॉट्सॲपचा डीपीसुद्धा दिसणार नाही आणि गावभर तुमचं नाव निघेल!

इंटरनेट कंपनीने दिलेल्या बऱ्याच डब्यांत ही सोय नसते. मग ती असलेला वेगळा राउटर घ्या, किंवा सरळ मावसभावाला मुक्कामापुरता फोटोंचा बॅकअप बंद करायला सांगा. फुकटात काम होतं.

सेटिंग झालं की पाहुण्याच्या फोनवर स्पीड टेस्ट करा. तरीही ९०-९५ दिसतंय? मग त्याचा फोन मागच्या दिवाळीत दिलेल्या पासवर्डने घरच्याच नेटवर्कवर चढलाय. तो पासवर्ड बदला. टीव्हीतही नवीन टाकावा लागेल, रिमोटने एकेक अक्षर.