साहेबांविरुद्धची फाईल

१८ जुलै १९८८ च्या संध्याकाळी चंदीगडमध्ये एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याच्या घरी पार्टी होती. पंजाबात राष्ट्रपती राजवट होती. दोनच महिन्यांपूर्वी सुवर्णमंदिरात ‘ऑपरेशन ब्लॅक थंडर’ पार पडलं होतं आणि राज्याचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल देशभरात नायक ठरले होते. त्या पार्टीत, जमलेल्या मंडळींदेखत, गिल यांनी रूपन देओल बजाज यांच्या पार्श्वभागावर चापट मारली. बजाज स्वतः आयएएस अधिकारी, पंजाबच्या अर्थ खात्यात विशेष सचिव. त्यांचे पतीही आयएएस.

सरकारी नोकरीत मुरलेला माणूस अशा वेळी करील तेच बजाज यांनी केलं. आधी यजमानांना सांगितलं, मग वरिष्ठांना. प्रकरण मुख्य सचिवांकडून राज्यपालांपर्यंत गेलं. देशाचा प्रश्न आहे, दहशतवादाशी लढणाऱ्या माणसाचं मनोधैर्य खच्ची होईल, असा सूर सगळीकडे होता. अखेर २९ जुलैला त्यांनी पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. चंदीगड केंद्रशासित असल्यामुळे तिथले पोलीस कागदोपत्री वेगळे. तरी तक्रार होती शेजारच्या पोलीस दलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याविरुद्ध. तपास रेंगाळला, तेव्हा नोव्हेंबरमध्ये बजाज यांच्या पतीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र फिर्याद केली. मे १९८९ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने गुन्हा आणि फिर्याद दोन्ही रद्द केली. त्यामागची कारणं आज वाचताना चरफडायला होतं. एक कारण असं की झालेली इजा इतकी क्षुल्लक, की भारतीय दंडसंहितेच्या ९५ व्या कलमानुसार समंजस माणूस तिची तक्रार करणार नाही. दुसरं असं की तक्रार द्यायला अकरा दिवसांचा उशीर झाला आणि त्याचं स्पष्टीकरण नाही.

वरिष्ठांची दारं ठोठावण्यात गेलेले ते अकरा दिवस तक्रारदाराच्या विरोधात मोजले गेले. त्याच वर्षी गिल यांना पद्मश्री मिळाली.

सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर १९९५ रोजी हा निकाल फिरवला आणि खटला चालवायला लावला. ९५ वं कलम इथे लागूच होत नाही, असं स्पष्ट सांगितलं. जानेवारी १९९६ मध्ये चंदीगडच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी गिल यांना दोषी ठरवून तीन महिन्यांची सक्तमजुरी दिली. अपिलात दोषसिद्धी टिकली, पण तुरुंगवासाऐवजी परिवीक्षा आणि दोन लाखांचा भुर्दंड आला. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटची मोहोर उमटवली. बजाज यांनी ते पैसे स्वतः घेतले नाहीत. एका चापटीच्या निवाड्याला सतरा वर्षं लागली, आणि तीही तक्रारदार सचिव दर्जाची असताना. तिच्या जागी एखादी लिपिक असती तर? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. मधल्या काळात त्याचं उत्तर राजस्थानातून आलं.

भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत. बालविवाह रोखल्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. तक्रार समितीची प्रमुख स्त्री असावी आणि निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, हे सगळ्यांना पाठ असतं. समितीत बाहेरच्या संस्थेची व्यक्ती का असावी, याचं तिथे लिहिलेलं कारण मात्र फारसं कुणी उद्धृत करत नाही. वरिष्ठ पातळीवरून गैरवाजवी दडपण किंवा प्रभाव येऊ नये, म्हणून. चंदीगडमध्ये नऊ वर्षांपूर्वी काय घडलं होतं, ते जणू त्या एका वाक्यात उतरलं आहे.

ही तत्त्वं कागदावरच राहिली, हे सर्वोच्च न्यायालयाच्या कानी घातलं ते पुण्याने. ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं. कुठे समिती नाही, कुठे आहे पण तिच्या अहवालाला कुणी विचारत नाही, अशी प्रत्यक्ष उदाहरणं त्यात होती. न्यायालयाने पत्राचीच याचिका केली. या प्रकरणातला २६ एप्रिल २००४ चा आदेश माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत कामाचा दस्तऐवज आहे. तोवर समितीने दोषी ठरवलं तरी खातं म्हणे, ही तर प्राथमिक चौकशी. आता नियमांप्रमाणे विभागीय चौकशी लावू. म्हणजे नवा चौकशी अधिकारी, पुन्हा तेच साक्षीदार, पुन्हा उलटतपासणी. तोवर साहेब पदोन्नती घेऊन मोकळे, नाहीतर सेवानिवृत्त. समितीचा अहवाल हाच शिस्तभंग नियमांखालचा चौकशी अहवाल मानला जाईल, असं त्या आदेशाने ठरवून ही पळवाट बुजवली. अंतिम निकाल १९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्या. आर. एम. लोढा, न्या. अनिल दवे आणि न्या. रंजन गोगोई यांनी दिला. राज्यांना नियम दुरुस्त करायला दोन महिन्यांची मुदत मिळाली. कायदा आला तो त्यानंतर, ९ डिसेंबर २०१३ पासून.

कायद्याने कालमर्यादा आखून दिल्या. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी नव्वद दिवसांत, कारवाई साठ दिवसांत. पण वरिष्ठ अधिकाऱ्याच्या बाबतीत कायद्याचा कस लागतो तो समितीच्या खोलीबाहेर. तक्रारदाराची बदली कुणाच्या सहीने होते, साक्ष देणाऱ्या शिपायाची रजा कोण मंजूर करतं, गोपनीय अहवाल कोण लिहितं? समितीची अध्यक्ष ज्याच्याविरुद्ध चौकशी आहे त्याच्याहून कनिष्ठ असेल, तर तिचं पुढचं पोस्टिंग कुणाच्या हातात असतं?

हे सगळं एकाच प्रकरणात पाहायला मिळालं, आणि तेही न्यायव्यवस्थेत. ग्वाल्हेरच्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींविरुद्ध तक्रार केली. त्यांची मुलीच्या शालेय वर्षाच्या मध्यावर दूरच्या ठिकाणी बदली झाली होती आणि जुलै २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणातल्या चौकशीची पद्धत दुरुस्त करताना एक महत्त्वाची गोष्ट केली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या न्यायमूर्तींकडचे प्रशासकीय अधिकार काढून घ्यायला सांगितले, म्हणजे साक्षीदार त्यांच्या ताब्यात राहू नयेत. पुढे राज्यसभेच्या ५८ सदस्यांच्या प्रस्तावावरून नेमलेल्या तीन जणांच्या समितीने २०१७ मध्ये अहवाल दिला. लैंगिक छळाचा आरोप सिद्ध होत नाही, असं तिने म्हटलं. मात्र त्या बाईंची बदली अयोग्य होती, हेही नोंदवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्या. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने राजीनामा स्वेच्छेचा नव्हता असं ठरवून त्यांना सेवेत परत घ्यायला लावलं. आरोप सिद्ध न होणं आणि तक्रारदाराला सोसावं लागणं, या दोन गोष्टी एकाच फाईलमध्ये खऱ्या असू शकतात. आपल्याकडच्या चर्चेला हे झेपत नाही. तिला नेहमी खलनायक तरी लागतो, नाहीतर खोटारडी बाई.

एप्रिल २०१९ मधलं प्रकरण सर्वांच्या आठवणीत आहे, म्हणून थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या एका माजी कर्मचारी महिलेने २२ न्यायमूर्तींना शपथपत्र पाठवून सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्यावर छळाचा आरोप केला. त्यांनी तो साफ नाकारला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, विशेष खंडपीठ बसलं आणि त्यात स्वतः सरन्यायाधीश होते. नंतर नागपूरचे न्या. शरद बोबडे, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. इंदिरा बॅनर्जी यांच्या अंतर्गत समितीने चौकशी केली. वकील सोबत आणू देत नाहीत, कामकाजाचं चित्रीकरण नाही, असं सांगत तक्रारदार ३० एप्रिलला बाहेर पडली. ६ मे रोजी आरोपांत तथ्य नसल्याचं जाहीर झालं. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. पुढे जानेवारी २०२० मध्ये तिला नोकरीत परत घेण्यात आलं. गोगोई यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं की त्या शनिवारच्या खंडपीठावर आपण बसायला नको होतं. आरोप खरा की खोटा, हे बाहेरच्या कुणाला ठरवता येणार नाही. पण २०१२ च्या त्या निकालाखाली ज्यांची सही होती, त्यांच्याच बाबतीत चौकशीची रीत इतकी वादात सापडावी, यातून व्यवस्थेच्या सर्वांत वरच्या पायरीसाठी कुणी काही आखलंच नव्हतं, एवढं मात्र दिसतं.

उलट बाजूही विसरायला नको. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने अठरा बैठका भराभर उरकल्या, त्यांना बडतर्फ करण्यात आलं आणि उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण घाईगर्दीत त्यांना बचावाची पुरेशी संधी मिळाली नव्हती. प्रकरण चौदा वर्षांनी पुन्हा समितीकडे. तक्रारदार विद्यार्थिनी तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. चौकशी कच्ची झाली की वरिष्ठ माणूस चांगला वकील करून तिच्यातलं एक एक भोक दाखवतो, आणि न्यायालयाला ते पाहावंच लागतं. म्हणून अशा चौकशीत ‘साहेबांना दोन दिवस जास्त द्या’ म्हणणारा सदस्य तक्रारदाराचा शत्रू नसतो.

लैंगिक छळासाठी निदान समिती तरी आहे. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी सरकारी निवासस्थानी स्वतःवर गोळी झाडून घेतली. वरिष्ठांच्या जाचाबद्दल त्यांनी पत्र लिहून ठेवलं होतं. चारचौघांत अपमान, कामाचा भार, रजेची अडवणूक, आणि हे सारं त्याहून वरच्या अधिकाऱ्याला सांगूनही काही न होणं, असा त्या पत्राचा आशय. महाराष्ट्र हादरला, निलंबनं झाली, अटक झाली. पण ‘साहेब रोज घालूनपाडून बोलतात’ एवढीच तक्रार घेऊन आज एखादी वनरक्षक निघाली, तर तिने कुठे जायचं? १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत चौकशी लावता येते. पण ती लावायची वरिष्ठाने, वरिष्ठावर. बाहेरचा सदस्य नाही, नव्वद दिवसांचं बंधन नाही. हे दुखणं आपल्याच मातीतलं आहे असं नाही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये गृहमंत्री प्रीती पटेल यांच्या कर्मचाऱ्यांशी वागण्याबद्दल सल्लागार सर अ‍ॅलेक्स अ‍ॅलन यांनी आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष काढला. पंतप्रधानांनी तो मानला नाही. मंत्री राहिल्या आणि राजीनामा दिला तो चौकशी करणाऱ्याने.

अलीकडच्या काळात दोन गोष्टी सरकल्या. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकारी दुसऱ्या खात्याचा असला तरी तक्रारदाराच्या खात्याची समिती त्याची चौकशी करू शकते. दिल्लीत आयएएस महिला अधिकाऱ्याने महसूल सेवेतल्या अधिकाऱ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीतून हा मुद्दा निघाला. ‘आमच्या माणसाची चौकशी आमचीच समिती करील’ ही ढाल त्यामुळे गेली. दुसरी गोष्ट गोव्याच्याच प्रकरणातली. तक्रार थेट मालकाविरुद्ध, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर कायदा तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पाठवतो. त्या समित्या नेमायला प्रत्येक जिल्ह्यात एक अधिकारी अधिसूचित असावा लागतो. ३ डिसेंबर २०२४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदती घालाव्या लागल्या: असा अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत नेमा, स्थानिक समिती ३१ जानेवारीपर्यंत. कायदा अमलात येऊन तेव्हा अकरा वर्षं होत आली होती.