बस्तीतला रॅप आणि आमची वाडी

गटाच्या मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले आणि एक ताई रडकुंडीला येऊन म्हणाली, "झील दिसभर रॅप आयकता. गाणा काय भांडण, ताच कळणा नाय." मग आम्ही सगळ्यांनीच त्याच्या मोबाईलवर ते ऐकले. पुण्याच्या एमसी स्टॅनचे 'बस्ती का हस्ती'. फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंदी 'बिग बॉस' जिंकणारा, ८० हजारांच्या बुटांचा तोच हा मुलगा.

रॅप म्हणजे ठेक्यावर यमक जुळवून बोलणे. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, गरीब वस्तीतल्या घरगुती नाचगाण्यांतून हिप-हॉप सुरू झाले असे मानतात. आपल्याला हे अगदीच परके नाही. डबलबारीत एक बुवा दुसऱ्याला शब्दांत पकडतो, समोरचा गाण्यातच उत्तर देतो, आणि गजराला सिनेमाची चालसुद्धा चालते. रॅपही असाच मिळेल तो सूर घेतो. स्टॅन लहानपणी कव्वाली गायचा. आता यंत्राने वळवलेला आवाज आणि खाली छातीत धडधडणारा ठेका.

'हस्ती' म्हणजे मोठे नाव. पोरगा मोठा झाला, तो वस्तीचे नाव लपवून नव्हे, घेऊन. रॅपमध्ये यालाच मान. दुसऱ्याचे जगणे आपले म्हणून गायले, की ऐकणारे ओळखतात. पण पैसा आल्यावर वस्तीचे गाणे खरे राहते का? यावर आमच्यात दोन तट पडले. एक आजी म्हणाली, कष्टाचे आहे, मिरवले तर काय झाले? आम्हाला वाटते, मिरवावे. पण सगळी गाणी बुटांचीच झाली तर वस्ती कुठे उरली? आणि रॅपमधल्या शिव्या मात्र आम्हाला कोणालाच पटत नाहीत.

मग मुलाने स्वतःची वही काढली. त्यात गल्ल्या, पोलीस, टोळ्या, सगळे हिंदीत. आईने विचारले, "ह्येच्यात आपली वाडी खंय आसा?" मालवणी बोलले की वर्गात हसतात, तो म्हणाला. आम्ही गप्प झालो. बँकेत गेल्यावर आम्हीही तोंड आवळून पुस्तकीच बोलतो.

परवा त्याने रापण ओढणाऱ्या आजोबांवर चार ओळी मालवणीत केल्या. आई टोप पालथा घालून ठेका धरते. 'रापण'ला 'आपण' जुळले, 'पेडवे'ला अजून यमक मिळालेले नाही. कोणाला सुचले तर बुधवारच्या बैठकीत सांगा.