गाठ दुखत नाही, म्हणून थांबू नका

घरात कुणाला नुसती शिंक आली तरी आपण लगेच आल्याचा काढा ठेवतो. पण स्वतःच्या छातीत बारीकशी गाठ हाताला लागली तर? ‘दुखत तर नाही ना, मग बघू दिवाळीनंतर,’ असं म्हणत कितीतरी जणी महिने घालवतात. मैत्रिणींनो, स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही! बऱ्याचशा गाठी साध्या निघतात हे खरं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नव्हे.

आमच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत हा विषय निघाला की आवाज आपोआप खाली जातो. मग एकेक सबब पुढे येते. पहिली म्हणजे, ‘मॅमोग्राफीसाठी कोण एवढ्या लांब जाणार?’

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या जणींना दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासलं. २०२१ मध्ये वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायकांमध्ये रोग लवकरच्या पायरीवर सापडला होता. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून तरुण वयात ‘तपासणी झाली, आता काळजी नाही’ असं समजू नये.

आपलं आपण तपासलं तर? शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००२ चा निष्कर्ष असा, की नुसतं ते शिकवल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा दर महिन्याला धास्तीनं चाचपत बसू नका. पण आंघोळ करताना, कपडे बदलताना आपल्या शरीराकडे लक्ष असू द्या. पुढचं काही आढळलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा:

● स्तनात किंवा काखेत गाठ
● कातडीला खळगा, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं
● बोंड नव्यानं आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं

२०१६ च्या सरकारी सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी हातानं तपासणी व्हायला हवी. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. आईला किंवा बहिणीला हा रोग झाला असेल, तर मॅमोग्राफी कधी करायची ते डॉक्टरांना आताच विचारून ठेवा.

दुसरी सबब भीतीची. ‘कळलं की स्तनच काढतील!’ एके काळी तसंच होतं. पण इटलीचे डॉ. व्हेरोनेसी आणि अमेरिकेचे डॉ. फिशर यांच्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. गाठ लहान असताना तेवढीच काढून किरणोपचार दिले, तरी बायका तितकीच वर्षं जगतात, असं त्यांत दिसलं. अट एकच, गाठ लहान हवी. म्हणजे ज्या भीतीनं आपण थांबतो, ती थांबण्यानंच खरी होण्याचा संभव!

बाळाला अंगावर पाजणं, रोजचं चालणं, पाळी गेल्यावर वजन आटोक्यात ठेवणं, दारूपासून दूर राहणं, यांनी धोका कमी होतो. पण पूर्ण टळत नाही. म्हणून तपासणी हवीच. एकटीनं जायला अवघड वाटत असेल, तर जावेला नाहीतर शेजारणीला बरोबर घ्या. तिचीही तपासणी होऊन जाईल.