मोरचुदातलं पाणी कोण मोजणार?

०.१ मोलर कॉपर सल्फेटचं २५० मिली द्रावण बनवायचंय. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मोलॅरिटी गुणिले लिटरमधलं आकारमान गुणिले रेणुभार. ०.१ × ०.२५ म्हणजे ०.०२५ मोल, त्याला रेणुभाराने गुणलं की ग्रॅम मिळाले. गोची आहे ती रेणुभार कुठला घ्यायचा इथे.

निर्जल कॉपर सल्फेटचा रेणुभार १५९.६१. पण बाटलीतले निळे खडे, म्हणजे आपला मोरचूद, निर्जल नसतात. त्यांच्या स्फटिकात पाण्याचे ५ रेणू बसलेले असतात आणि रेणुभार होतो २४९.६९. म्हणून ६.२४ ग्रॅम लागतात, ३.९९ नाही. (निर्जल पावडर पांढरट असते. निळं दिसलं की पाणी आहे असं समजा.)

समजा कुणी निळे खडेच ३.९९ ग्रॅम घेतले, तर द्रावण होतं फक्त ०.०६४ मोलर. रंग निळाच, विरघळतंही छान. याच स्टॉकवरून डायल्यूशन करून कॅलिब्रेशन कर्व्ह काढला तर रेषा सरळ येते, आर-स्क्वेअर ०.९९९ सुद्धा येऊ शकतो, कारण सगळे पॉइंट एकाच प्रमाणात चुकलेले असतात. ग्राफ बघून गाइड खूश! नमुन्यातलं कॉपर मात्र खऱ्यापेक्षा १.५६ पट रिपोर्ट होतं. हे ग्राफमध्ये कधीच दिसत नाही. वेगळ्या बाटलीतून बनवलेलं स्टँडर्ड चालवलं तरच पकडलं जातं.

लेबलवर शुद्धता ९८% असेल तर ०.९८ ने भागायचं, म्हणजे ६.३७ ग्रॅम. गुणायचं की भागायचं असा गोंधळ होतो ना? माल कमी शुद्ध, तर जास्त घ्यावा लागणार, एवढं लक्षात ठेवा.

तराजूवर नेमका आकडा गाठायला चिमूटभर टाकत-काढत बसू नका. शुद्धतेची दुरुस्ती लागत नसेल आणि ६.२५७३ आलं, तर तेच वहीत लिहा आणि द्रावण ०.१००२ मोलर म्हणा. बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवा, धुवण्यासकट व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता, मग खुणेपर्यंत भरा. सरळ २५० मिली पाणी ओतणं म्हणजे २५० मिली द्रावण नव्हे.

सोडियम हायड्रॉक्साइडला मात्र यातलं काही लागू पडत नाही. ते हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे चार दशांशांपर्यंत वजन करून उपयोग नाही. अंदाजे घ्या आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने टायट्रेट करून खरी मोलॅरिटी काढा.