फायबरच्या आड पाणी

"मामा, शनिवार-रविवारात बसवून टाकू," भाचा म्हणाला. बर्मिंगहॅममधल्या त्याच्या गॅरेजात १९८९ची मिनी उभी होती आणि शेजारच्या खोक्यात फायबरचं बॉडी किट होतं: दोन बंपर, चाकांवर बसणाऱ्या चार रुंद कमानी आणि दारांखालच्या उंबऱ्यांची आवरणं. मी उंबऱ्याच्या खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टेकवून जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला तपकिरी भुगा आणि ओली माती. पत्र्याचं काम संपेपर्यंत किट खोक्यातच राहिलं.

हा उंबरा म्हणजे शोभेची पट्टी नव्हे; का, ते मिनी कशी घडली त्यात आहे. १९५६च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि छोटी, काटकसरी गाडी तातडीची गरज बनली. मिनीचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याखाली घेतला, चाकं अवघी १० इंचांची केली आणि साधारण १० फुटांत चार माणसं बसवली. १९५९ साली आलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच सांगाडा, आणि दारांखाली ती पेटी तोलून धरतात ते हे दोन उंबरे. ते कुजले की गाडीचा कणा खिळखिळा होतो.

पाण्याशी मिनीचं वैर जन्मापासूनचं. सुरुवातीच्या गाड्यांत तळाच्या पत्र्याची जोडणी अशी होती की पावसात पाणी थेट आत शिरे आणि पायाखालचे गालिचे भिजत. दोष पुढे सुधारला, पण पत्र्यांच्या जोडांत ओल धरण्याची खोड गेली नाही.

तरीही या गाडीला नटवायचा मोह माणसांना पहिल्यापासून आहे. हूपर कंपनीने अभिनेते पीटर सेलर्स यांच्यासाठी सजवलेल्या मिनीच्या बाजूंवर वेताच्या विणीची नक्षी रंगवली होती. मिनीचेच भाग वापरून संपूर्ण फायबरच्या अंगाने बांधलेली मिनी मार्कोस १९६६च्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत पंधरावी आली. त्या वर्षी शेवटपर्यंत टिकलेली ती एकमेव ब्रिटिश गाडी. फायबरला नावं ठेवणाऱ्यांना मी ही शर्यत नेहमी सांगतो. हलकं, न गंजणारं, हवं तसं वळणारं ते साहित्य आहे. गंजतो तो त्याच्या आडचा पत्रा.

उंबऱ्यांचा कुजका पत्रा कापून नवा वेल्ड केला, आत मेण फवारलं, आणि मग किटला हात लावला. साच्यातून निघालेल्या फायबरवर मेणाचा थर असतो. तो पुसून, पॉलिश पेपर मारल्याशिवाय रंग धरत नाही. धरला तरी पोपडे निघतात. कमानी आधी नुसत्या चिकटपट्टीने लावून पाहिल्या. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवलं, गाडी खाली दाबली. पुढचं डावं चाक घासत होतं, तिथे फायबर कापलं. चिकटवायला लवचीक गोंद घेतला, कारण ऊन-थंडीत पत्रा आणि फायबर सारखे फुगत-आक्रसत नाहीत. कडक लांबी भरली असती तर वर्षात तडा गेला असता. रिबिटसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर लावला. उघडं भोक म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण.

उंबऱ्यांची आवरणं मात्र चिकटवू नकोस, असं मी त्याला निक्षून सांगितलं. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे जोडलेला असतो, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. पण तपासनीस गाडी खोलून बघत नाही. कायमचं चिकटवलेलं आवरण गंज तपासनीसापासून लपवतं आणि मालकापासूनही, आणि त्या गाडीत माणसं बसतात. म्हणून ती स्क्रूवर बसवली, आणि पाणी निघून जावं म्हणून खालची कड मोकळी ठेवली.

रंग सुकल्यावर भाच्याने छपरापासून पाइपाने पाणी सोडलं. थोड्या वेळाने उंबऱ्याखालच्या निचऱ्याच्या भोकांतून थेंब पडू लागले, आधी डावीकडे, मग उजवीकडे. तो ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि ते थांबेपर्यंत उठला नाही.