सितोपलादीतला ओपल

खोकला झाला की घरात सितोपलादी चूर्णाची डबी निघते. मधात कालवून चाटायचं. आम्ही लहानपणी खोकला नसतानाही मागायचो, कारण त्यात सगळ्यात जास्त असते ती खडीसाखर. नावाची फोड मात्र सहसा कुणी करत नाही. सित म्हणजे पांढरा, उपल म्हणजे दगड, खडा. सितोपला म्हणजे खडीसाखर, आणि ती ज्यात आधी येते ते चूर्ण सितोपलादी. यातला 'उपल' पश्चिमेकडे गेला, ग्रीकांकडे 'ओपॅलिओस' आणि रोमनांकडे 'ओपालस' झाला आणि आज सराफाच्या काचेखाली 'ओपल' म्हणून बसला आहे, असं बहुतेक शब्दव्युत्पत्तिकार मानतात.

नाव संस्कृत, तेव्हा रत्नही आपलंच आणि पूर्वापार, असं मग अनेकांना वाटतं. ते तसं नाही. संस्कृतात उपल हा आधी साधा दगड आहे. 'मेघदूता'त रेवा नदी विंध्याच्या पायथ्याशी ज्या धोंड्यांवर विखुरते, ते धोंडे म्हणजे उपल. यज्ञासाठी दळायच्या जोडीत खालचा पाटा दृषद् आणि वरचा उपला. मौल्यवान खड्यांनाही हा शब्द लावत, पण तो कुठल्याही खड्याला. नवरत्नांत माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या आहेत, ओपल नाही. शुक्रासाठी हिरा परवडत नसेल तर ओपल घाला, ही सोय अलीकडची. गंमत अशी की पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनेही ओपलची जन्मभूमी भारत असल्याचं लिहून ठेवलं. युरोपातले जुने नावाजलेले ओपल मात्र आजच्या स्लोव्हाकियातल्या दुबनिकच्या डोंगरातून निघालेले, असं आता समजलं जातं.

माझ्या मावशीला असाच कुणीतरी शुक्रासाठी ओपल सुचवला होता. चांदीची अंगठी, शुक्रवारी घालायची, आणि आदल्या रात्री कच्च्या दुधात नि गंगाजलात बुडवून ठेवायची. तिने सगळं मनापासून केलं. सकाळी वाटीतून अंगठी काढली तर खडा काचेसारखा आरपार झालेला आणि आतले हिरवे-तांबडे रंग गायब! शुक्र कोपला म्हणून ती हवालदिल झाली. आठवड्याभरात खडा सुकला, रंग बरेचसे परतले, पण एक पिवळट झाक कायमची राहिली.

कोप कुणाचा नव्हता. तो खडा इथिओपियाचा होता. त्या देशातल्या वोल्लो भागात 2008 मध्ये ओपलचा मोठा साठा सापडला आणि तेव्हापासून तिथला कच्चा माल जयपूरला येऊन पैलू पडून देशभर जातो. आपल्याकडच्या दुकानांत परवडणाऱ्या भावाला मिळणारा ओपल पुष्कळदा हाच असतो. त्याच्या अंगात अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि तो पाणी पितो. पाणी भरलं की प्रकाशाला आत अडखळायला जागा उरत नाही, म्हणून खडा पारदर्शक होतो आणि रंग मावळतात. नुसतं पाणी असेल तर सुकल्यावर सगळं पूर्ववत होतं. दूध, मध, हळदीचं पाणी, अत्तर, तेल यांचं तसं नाही. त्यांतला अंश आत राहतो आणि खड्याला डाग पाडतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी विधी जरूर करावा, पण खडा वाटीत बुडवू नये, एवढं विकणाऱ्याने सांगायलाच हवं. ते सांगितलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

'ओपलमध्ये पाणी असतं, म्हणून तो तेलात किंवा पाण्यात ठेवावा, नाहीतर तडकतो' हा सल्ला याच्याच उलट्या टोकाचा. ओपलमध्ये पाणी असतं हे खरं. तो म्हणजे सिलिका, वाळूत नि गारगोटीत असते तीच, पण स्फटिक न झालेली आणि वजनाच्या साधारण 6 ते 10 टक्के पाणी धरून असलेली. हे पाणी बाहेरून चोळून भरता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या घट्ट ओपलवर तेल नुसतं चिकटून बसतं, इथिओपियाच्या ओपलचं नुकसान होतं. आणि ज्यात ओपलचा पातळ पापुद्रा काळ्या दगडावर डकवून वर स्फटिकाची किंवा काचेची टोपी बसवलेली असते, त्या जोडखड्यात ओल शिरली की डिंक सुटतो नि खडा धुरकटतो. तडकण्याचं कारण बहुधा एकाएकी बसलेली उष्णता असते. शेगडीजवळची कामं करताना अंगठी काढून ठेवणं हा त्यावरचा खरा उपाय.

शुक्रासाठी हिऱ्याच्या जागी घालतात म्हणून तो हिऱ्यासारखा टणक, असंही लोक धरून चालतात. काठिण्याच्या मोहस मापावर हिरा 10, ओपल साडेपाच ते साडेसहा. घरातल्या धुळीत गारेचे कण असतात आणि त्यांचं काठिण्य 7. म्हणजे धूळ बसलेला ओपल कोरड्या फडक्याने पुसला तरी त्यावर चरे पडतात. किंचित ओलसर मऊ कापडाने टिपून घ्यावा, आणि भांडी घासताना अंगठी बोटात नसावी.

आता रंगांकडे. इतके रंग, म्हणजे आत इतकी वेगवेगळी द्रव्यं असणार, हा अंदाज स्वाभाविक आहे आणि शास्त्रज्ञांनाही हे कोडं फार काळ सुटलं नव्हतं. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तर आत सिलिकेचे एकसारख्या आकाराचे गोल मण्यांसारखे ओळीने रचलेले दिसले. मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजावं इतके लहान. दोन थरांमधलं अंतर प्रकाशाच्या लहरींच्या मापाचं असल्यामुळे प्रकाश त्यातून विवर्तित होऊन फुटतो. मणी छोटे असतील तर निळा-जांभळाच दिसतो. लाल दिसायला मोठे, साधारण 300 नॅनोमीटरचे मणी लागतात, म्हणून लाल चमकीचा ओपल दुर्मीळ नि महाग. मणी लहानमोठे, अस्ताव्यस्त असले तर रंगच नाही. द्रव्य तेच असतं. ऑस्ट्रेलियातले खाणकामगार अशा बिनरंगी ओपलला 'पॉच' म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यांच्या हाती तोच लागतो.

युरोपात ओपल अपशकुनी मानतात, ही गोष्टही इथवर पोचली आहे. तिचं खापर बरेचदा वॉल्टर स्कॉटच्या 1829 मधल्या 'ॲन ऑफ गायरस्टाइन' या कादंबरीवर फोडलं जातं. तीत एका स्त्रीच्या केसांतल्या ओपलवर मंतरलेल्या पाण्याचे थेंब पडतात, खडा निस्तेज होतो आणि पुढे तिचा अंत होतो. त्याच शतकात ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाला ओपल अतिशय प्रिय होते. मावशीची वाटी पाहिल्यापासून मला स्कॉटच्या त्या थेंबांचं नवल वाटत नाही.

नावाचे घोटाळे आणखी आहेत. नव्वदच्या दशकात आपल्या रस्त्यांवर आलेल्या ओपेल ॲस्ट्रा गाडीचा या रत्नाशी संबंध नाही. जर्मनीत 1862 मध्ये शिवणयंत्रांचा कारखाना काढणाऱ्या आडाम ओपेलचं ते आडनाव. सिडनीला राहणारे नातेवाईक 'ओपल संपलं, भरायला हवं' म्हणतात ते तिथल्या बस-रेल्वेचं कार्ड. सिडनीजवळच ल्युकस हाइट्सला 'ओपल' नावाची संशोधन अणुभट्टी आहे, पण ते नाव इंग्रजी आद्याक्षरांचं. ऑस्ट्रेलियातलंच 'ओपल' पेट्रोल मात्र नुसती नावाची गंमत म्हणून सोडून देण्यासारखं नाही. दूरच्या आदिवासी वस्त्यांमध्ये मुलं पेट्रोल हुंगून आयुष्याची राख करून घेत होती. 2005 मध्ये नशा चढवणारे घटक अगदी कमी असलेलं हे पेट्रोल तिथे आणलं गेलं.

आणि ओपल फक्त खाणीत मिळतो, हा शेवटचा गैरसमज. भाताची पात हाताला कापते, ती तिच्या पेशींत साठलेल्या ओपलच्या कणांमुळे. पिकं जमिनीतली विरघळलेली सिलिका शोषतात आणि पानांत ती घट्ट होते. बांबूच्या पेरांत तर तिचे पांढरे खडेच तयार होतात. ते म्हणजे वंशलोचन, सितोपलादी चूर्णात खडीसाखरेच्या खालोखाल प्रमाणात असलेलं द्रव्य. 1791 मध्ये जेम्स स्मिथसनने, ज्याच्या पैशातून पुढे वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली त्यानेच, भारतातून पोचलेल्या वंशलोचनाची तपासणी करून ते सिलिकेचं असल्याचं दाखवलं. 1819 मध्ये स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने त्यातून प्रकाश कसा जातो ते पाहिलं. थोडं भिजवलं तर तो खडा आणखी पांढराफटक होतो आणि पुरता भिजला की आरपार दिसू लागतो, अशी त्याची नोंद आहे. मावशीला मी ती वाचून दाखवली. तिने अंगठी काढली, निरखून पाहिली आणि पुन्हा बोटात घातली.