लग्न अर्ध्या तासाचे, हप्ते पाच वर्षांचे

लग्नसराई आली की वस्तीतल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. हॉल कोणता घ्यायचा, ताट कितीला पडेल, डीजे कोणाचा सांगायचा. आता त्यात लग्नाआधीच्या फोटोंची भर पडली आहे. जोडपे समुद्रावर जाऊन फोटो काढते आणि बिल आईबापांच्या खिशातून जाते. खिसा रिकामा असेल तर कर्ज निघते.

वास्तविक बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय किती साधा! तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन, त्रिसरण-पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, मंगल गाथा. बौद्धाचार्य अर्ध्या-पाऊण तासात विधी पूर्ण करतात. विधीला खर्च नाही. खर्च आहे तो दिखाव्याला.

जरा हिशेब मांडून पाहू. तीन लाखांचे कर्ज १८ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,६०० रुपये पडतो. पाच वर्षांत साडेचार लाखांहून अधिक फेडावे लागतात. नुसते व्याजच दीड लाखाच्या वर! कंत्राटावर झाडू मारणाऱ्या बापाच्या आणि धुणीभांडी करणाऱ्या आईच्या कमाईतून हा हप्ता जातो. मग थोरलीच्या लग्नाचे कर्ज फिटेपर्यंत धाकटीची फी थांबते. एकदा थांबलेले शिक्षण पुन्हा सुरू होईलच, याची खात्री कोण देणार?

या हौसेमागचे दुःखही समजून घेतले पाहिजे. आपल्या पूर्वजांना गावातून वाजतगाजत वरात नेऊ दिली जात नव्हती, अंगावर चांगले कापड सहन केले जात नव्हते. म्हणून आज आपल्या दारात मांडव सजावा, असे वाटणे साहजिक आहे. पण सावकाराच्या दारात उभे राहून सन्मान मिळतो काय?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटाविना, कमी खर्चात लग्ने लावण्याचा मार्ग दाखवला. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आयाभगिनींना सांगितले, की मुलांना शिकवा आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका. तथागतांनी तर सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले होते. एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवायचा. कर्ज काढून मांडव घालणारा हे चारही भाग एका दिवसात संपवतो.

तेव्हा तारीख ठरवण्याआधी दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसावे. खर्चाचा आकडा आधी ठरवावा, मग हॉल पाहावा. विहारात लग्न लावण्यात कमीपणा मानू नये. हुंडा तर १९६१ च्या कायद्याने गुन्हाच आहे. मानपानाच्या नावाखाली तो मागू नये आणि देऊही नये. लग्नाची नोंदणी मात्र विसरू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. पुढे पासपोर्टला, पेन्शनला, वारसाहक्काला तो दाखलाच कामी येतो, अल्बम नव्हे.

शिकलेल्या मुलामुलींनी स्वतःच पुढे होऊन आईबापांना सांगावे, "आमच्यासाठी कर्ज काढू नका." वाचलेल्या पैशातून धाकट्या बहिणीची फी भरली जाईल. त्याहून मोठा आहेर कोणता?